लेकीची गाडी विकणे आहे

प्रिय मामंजी,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्या सासऱ्याला सून कशाला पत्र लिहील? चहा झाला, जेवायला या, येताना कोथिंबीर आणा, एवढ्यात आपलं बोलणं संपायचं. आज लिहिते आहे, कारण काल रविवारी दुपारी एक बाई घरी येऊन गेली, आणि तेव्हापासून मला तुमच्या फोटोसमोर उभं राहवत नाही. सकाळची उदबत्तीसुद्धा तुमच्या चिरंजीवांना लावायला सांगितली. त्यांना वाटलं, माझी कंबर धरली आहे.

कंबर नाही धरली, मामंजी. लाज धरली आहे.

सरळच सांगते. तुमची गाडी विकायला काढली आहे. हो, तीच. मागे पंख असलेली, सायीच्या रंगाची, वर मोरपंखी टप असलेली दोन दारांची अमेरिकन गाडी. सगळा अकोला जिला ‘लेकीची गाडी’ म्हणत होता ती. तुमच्या जाण्याला दोन वर्षं होतील आता. जिनिंगचे पट्टे आणि बेअरिंग विकायचं आपलं दुकान बंद झालं. कापूसच ज्याच्या-त्याच्या घरात पडून, जिनिंगला कुलपं, मग पट्टे घेणार कोण? यांना नांदगाव पेठच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपरची नोकरी लागली आहे. अमरावतीला फ्लॅट घेतला. खाली स्कूटर उभी करायला जागा आहे, जहाज उभं करायला नाही.

इथवर तुम्ही रागावला नसतात. तुम्ही म्हणाला असतात, ‘लोखंड हाय, सूनबाई, जाईन त्याच्या वाटेनं.’ पुढचं ऐका.

जाहिरात मी लिहिली. तुमच्या चिरंजीवांना दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की घाम फुटतो. गाडीचं काम पाहणारा एक दलाल पुण्याहून फोन करतो. त्यानं सांगितलं, ‘वहिनी, गाडी लग्नाकार्यात फिरलेली आहे असं कळलं की शौकीन लोक हात आखडतात. हार, तांदूळ, हळद, सगळा खराबा.’ मी म्हटलं, आमची गाडी तशी नाही. आणि पेपरात छापून आणलं, ‘अमेरिकन बनावटीची दोन दारी गाडी विकणे आहे. एकाच घराण्यातील, उत्तम जतन केलेली. लग्नसमारंभात कधीही वापरलेली नाही.’

कधीही वापरलेली नाही! मी लिहिलं हे! जी स्वतः त्या गाडीतून या घरात आली, तिनं!

आठवतं ना तुम्हाला? मी माहेराहून निघाले तेव्हा माझ्या काकांनी रीतीप्रमाणे मला मागच्या सीटवर बसवायला घेतलं. तुम्ही आडवे आलात. ‘नवरी समोर बसते आमच्या गाडीत. नवरदेवाले टाका मांगं.’ मंडपात हशा पिकला. सासरा स्वतःच्या पोराला मागे कोंबतो आहे आणि सुनेला आपल्या शेजारी बसवतो आहे, हे कोणी पाहिलं होतं? स्टिअरिंग डावीकडे, तुम्ही डावीकडे, आणि मी उजव्या खिडकीशी. वाटेत भेटेल तो थबकून बघायचा. एका गावात तर एक म्हातारी ओरडली, ‘अवं, नवरी गाडी चालवून राहिली!’ मी रडता रडता हसले. तुम्हीही हसलात.

मग आला खारपाणपट्टा आणि आपल्या गावाची शीव. तुम्ही गाडी बाभळीखाली थांबवलीत, इंजिन बंद केलंत. मागून येणारा वऱ्हाडाचा टेम्पो अजून दूर होता. तुम्ही सुरईतलं पाणी पेल्यात ओतून मला दिलंत. म्हणालात, ‘पी. पुढचं पाणी खारं हाय.’ आणि मग विचारलंत, ‘कावून बाई, परत नेऊ का?’

मागे बसलेले तुमचे चिरंजीव खो-खो हसले. मीही हसले. मला वाटलं, सासरा थट्टेखोर आहे, बरं झालं.

घरी पोचल्यावर उतरायच्या आधी तुम्ही समोरचा खण उघडून दाखवलात. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुंकवाची बोटं उमटलेली. एकाखाली एक, वाकडीतिकडी, काही गडद, काही पुसट. ‘जी लेक या गाडीतून आपल्या घरी पोचते ते इथी बोट लावते. लाव.’ मी लावलं. माझं बोट उजव्या कोपऱ्यात होतं, थोडं घसरलेलं.

तुम्ही गाडी नवरदेवाच्या वरातीसाठी कधीच दिली नाहीत. आमदाराचा भाचा मागायला आला, तरी नाही. ‘नवरदेवाले घोडं हाय, बँड हाय, दारू हाय. लेकीले का हाय?’ आणि पाठवणीसाठी मात्र कोणाचीही लेक असो. कापूस बुडाला त्या वाईट वर्षांत लग्नं कशी व्हायची, आठवतं? कोणाच्या तरी मंडपात कोणाचं तरी लग्न उरकायचं, जेवणावळीत वरण-पोळी, बँडऐवजी टेपरेकॉर्डर. पण पोरीचा बाप सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, ‘दादा, बाकी काही नाई जमलं, पण लेक गाडीतून जावी म्हणतो.’ तुम्ही पेट्रोलचे पैसेसुद्धा घ्यायचा नाहीत. मी कुरकुरायचे. दुकानात गिऱ्हाईक नाही आणि मालक निघाले लोकांच्या लेकी पोचवायला! रहीमभाई मिस्त्रींची शबाना सासरी गेली तेव्हा तिनं कुंकू नाही लावलं, मेंदीचं बोट लावलं. ते केशरी बोट सगळ्या लालांमध्ये वेगळं दिसायचं. तुम्हाला फार आवडायचं ते.

ही सगळी बोटं मी पुसली, मामंजी.

दलाल गाडी बघायला येणार होता ना. मी रहीमभाईंना बोलावलं, म्हटलं, आतून लखलखीत करून द्या. त्यांनी बॉनेट चमकवलं, क्रोमच्या पट्ट्या चमकवल्या, सीटचं चामडं तेल लावून मऊ केलं. खण उघडला आणि हात थांबवला. ‘भाभी, हे मी नाई पुसत. माझ्या पोरीचं बोट हाय याच्यात.’ मी हसण्यावारी नेलं. ‘अहो रहीमभाई, जुने डाग आहेत ते.’ त्यांनी पॉलिशचा डबा उचलला आणि सायकलवर टांग मारून गेले. मजुरीही घेतली नाही.

मग मीच पुसलं. आधी रॉकेल, मग थिनर. कुंकू निघत नव्हतं, पत्र्यात मुरलं होतं. मी पदर खोचून घासत बसले, जणू पातेल्याची करपट काढते आहे. माझं स्वतःचं घसरलेलं बोट पुसलं तेव्हासुद्धा हात थांबला नाही. फडकं धुतलं तेव्हा मोरीत गुलाबी पाणी वाहिलं, आणि मी मनात म्हटलं, चला, एक काम झालं.

आता त्या बाईबद्दल सांगते.

तुम्हाला वर्षा आठवते का? काय विचारते मी! तुम्हाला आठवणार नाही तर कोणाला आठवणार! दर्यापूरकडची पोर, मूर्तिजापूरच्या बाजूला दिलेली. त्या पोरीपायी आपलं गावात नाक कापलं गेलं होतं. म्हणजे मी तेव्हा तसंच म्हणायचे.

त्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी तिला समोर बसवली, नवरदेव आणि त्याचा मावसभाऊ मागे. शिवेवर गाडी थांबवली, पाणी दिलं, विचारलं, ‘परत नेऊ का?’ आणि ती म्हणाली, ‘हाव. न्या.’

आणि तुम्ही नेली!

मागे दोघं बोंबलायला लागले. पण दोन दारांची गाडी; समोरची सीट कोणी दुमडून दिल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही. तुम्ही शांतपणे खाली उतरलात, सीट दुमडलीत आणि म्हणालात, ‘उतरा जावईबापू, तुमचं गाव आलं.’ त्यांना वाटलं, म्हातारा ताळ्यावर आला. ते उतरले आणि तुम्ही गाडी वळवली. वाटेत वऱ्हाडाचा टेम्पो समोरून आला. टेम्पोतल्या लोकांनी पाहिलं, उजव्या खिडकीशी बसलेली नवरी गाडी हाकत माहेराकडे परत चालली आहे. ती गोष्ट नंतर पानठेल्यावर वर्षभर पुरली.

नवऱ्याकडचे लोक आपल्या घरी येऊन अंगणात उभं राहून काय काय बोलले! पोरीचा बाप दुकानासमोर येऊन रडला. त्यानंतर पाठवणीसाठी गाडी मागायला कोणी आलं नाही. ‘त्याच्या गाडीत पोर बसवाल तर परत येईन,’ असं लोक म्हणू लागले. आणि मी? मी पाहुण्यांसमोर तुम्हाला म्हटलं, ‘म्हातारपणी अक्कल गहाण ठेवली का?’ तुम्ही एवढंच म्हणालात, ‘म्या इचारलं, सूनबाई. तिनं सांगतलं. आता आयकलंच नाई म्हणू का?’

मी चावी घेतली आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी टाकली. तुम्ही कधी मागितली नाहीत. संध्याकाळी शेडमध्ये जाऊन गाडीत बसायचात, खिडकीची काच खाली करून पेपर वाचायचात. इतका राग आला होता तर एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर! तुमचं ते गप्प राहणं मला सोयीचं पडलं. मी समजले, चूक कबूल आहे म्हणून गप्प आहेत. हा तुमचाही थोडा दोष आहे, मामंजी.

तर काल दुपारी दारात एक सावळी, उंच बाई. साधी सुती साडी, खांद्याला पर्स. म्हणाली, ‘गाडी पाहाले आली. पेपरात वाचलं.’ मला वाटलं, कोणा साहेबांची बायको असेल. मी पोपटासारखी सुरू झाले, एकाच घराण्यातली, उन्हात उभी केलेली नाही, बघा ना रंग. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या पंखावरून हात फिरवला. मग न विचारता उजवीकडचं दार उघडून आत बसली. थेट समोरचा खण उघडला. झाकणाकडे बघत राहिली.

‘बाकीच्यायचे कुठी गेले?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘काय?’

‘बोटं.’

तेव्हा मी तिला ओळखलं. डाग होते, जाहिरातीसाठी, दलाल म्हणाला, असं काहीबाही बोलले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मलाही आवाज चढवता आला असता.

तिनं मग सांगितलं. लग्न ठरताना तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष पूर्ण करू देऊ, असं तिकडच्यांनी कबूल केलं होतं. तिनं आपली पुस्तकं एका पिशवीत घालून पायाशी ठेवली होती. मागून नवरदेव मावसभावाला म्हणाला, ‘हे ओझं कायले आणलं इनं? उद्या पाणी तापवाले कामी येईन.’ दोघं हसले. ‘दादांनी ते आयकलं,’ वर्षा म्हणाली. ‘शिवेवर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आन् मले इचारलं. वहिनी, लोकं म्हणतात ते गंमत करत. मले नाई वाटलं गंमत करून राहिले असं. ते थांबले होते. म्या काय म्हणते ते आयकाले थांबले होते.’

मामंजी, मी त्या शेडमध्ये उभी होते आणि मला माझी बाभूळ आठवली. तुम्ही माझ्यासाठीसुद्धा इंजिन बंद केलं होतंत! थट्टा करणारा माणूस कशाला इंजिन बंद करील? तुम्ही मलाही खरंच विचारत होतात. स्वतःच्या सुनेला, स्वतःच्या गावाच्या शिवेवर! मी हो म्हटलं असतं तर तुम्ही तुमच्या पोराला तिथं उतरवून मला परत नेलं असतं, होय ना? नेलंच असतं.

आता खरं सांगते. मला त्या दिवशी क्षणभर ‘हो’ म्हणावंसं वाटलं होतं. तुमच्या मुलात काही खोट नव्हती, आजही नाही. पण माझं बी.ए.चं एक वर्ष राहिलं होतं, आणि त्याबद्दल कोणी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत आणि मी हसून वेळ मारून नेली. वर्षावर मी एवढी का जळले, ते मला काल कळलं. तिनं उत्तर दिलं होतं. अब्रू-बिब्रू नंतरच्या गोष्टी.

परत नेताना वाटेत तिनं तुम्हाला विचारलं म्हणे, ‘दादा, मी बोट लावू का?’ तुम्ही म्हणालात, ‘आता नाई. तू अजून कुठी पोचली नाईस. पोचशीन तवा येऊन लावजो.’ बाप वर्षभर तिच्याशी बोलला नाही, मामाकडे राहून तिनं शिक्षण पुरं केलं. आता अमरावतीला दवाखान्यात सिस्टर आहे. गेल्या महिन्यात कायम झाली. पेपरात जाहिरात वाचली, ‘अकोला’ आणि ‘दोन दारी’ वाचलं आणि सुटीच्या दिवशी एस.टी.त बसून आली. पर्समध्ये कुंकवाचा करंडा होता.

मी विचारलं, ‘लग्न केलंस का?’ तोंडातून निघून गेलं. ती हसली. ‘लग्न करूनच पोचते का माणूस, वहिनी?’

मी म्हटलं, लाव ना बोट. आता लाव. मी अगदी गयावया केली. तिनं करंडा उघडला, बोट बुडवलं. त्या कोऱ्या, चकचकीत पत्र्यासमोर बोट धरून बसून राहिली. मग रुमालाला पुसून टाकलं.

‘एकटीचं कसं लावू?’ म्हणाली. ‘दादा म्हणे, या सगळ्यायच्या रांगेत तुई जागा ठेवली हाय. रांगच नाई राहिली.’

चहा न घेता गेली. करंडा डॅशबोर्डवर राहिला. विसरली की ठेवून गेली, कोण जाणे.

मामंजी, माफी कशी मागतात हे मला नीट येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मी भांडायला पक्की आणि नमायला कच्ची. पण काल संध्याकाळी दलालाला फोन केला. सांगितलं, जाहिरात खोटी होती. गाडी लग्नात फिरली आहे, खूप फिरली आहे. तो म्हणाला, ‘वहिनी, मग भाव पडेल.’ म्हटलं, पडू दे. तुमचे चिरंजीव बाजूलाच होते. मला वाटलं, चिडतील. ते आत गेले, डाळीचा डबा पाटावर उपडा केला आणि चावी काढून माझ्या हातात दिली. त्यांना सगळं माहीत होतं म्हणे, चावी कुठं आहे ते! बापावर गेले आहेत, गप्प राहण्यात.

गाडी विकणारच आहे. जागा नाही, खोटं कशाला बोलू? पण ती ‘लेकीची गाडी’ म्हणूनच जाईल. आणि त्याच्या आधी एक फेरी होईल. आज सकाळी रहीमभाईंच्या दारात गेले. त्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं, तेही योग्यच केलं. मग म्हणाले, ‘बॅटरी बसली असन. पाहून घेतो.’ ते चालवतील. आधी शबानाकडे, मग जिचा जिचा पत्ता लागेल तिच्या तिच्या दारी. ज्या येतील त्या मागे, आणि पोचवायला परत येताना जिचं घर येईल ती समोर. सगळ्यांची बोटं पुन्हा उमटली की शेवटी अमरावतीला, वर्षाच्या दवाखान्यासमोर. तिची जागा मध्ये ठेवीन. माझं बोट सगळ्यांत खाली, तेही त्या पोरी लाव म्हणाल्या तर.

आणि एक वचन देते. पोचवताना प्रत्येकीच्या शिवेवर मी गाडी थांबवायला लावीन. सुरई भरून घेतली आहे. पाणी देईन, आणि तुमच्या शब्दांत विचारीन, ‘कावून बाई, परत नेऊ का?’ इंजिन बंद करून विचारीन, मामंजी. आणि कोणी काहीही म्हणो, या वेळी हसणार नाही.

तुमची,
समोरच्या सीटवर बसून आलेली सून,
कुमुद